जमीन खाली बसली ती रात्र

ग्रिंडाविकमध्ये मी एका घराच्या तळघरातली खोली भाड्याने घेतली होती. वरच्या मजल्यावर घरमालकीण एकट्याच राहायच्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, नवऱ्याचं सगळं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं. आइसलँडमध्ये माणूस वयाने कितीही मोठं असलं तरी त्याला नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते जमेना. एकदा त्यांना सांगितलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला आजी म्हणतात. तेव्हापासून त्या माझ्या आजी झाल्या, आणि फोनवरही स्वतःची ओळख ‘आजी’ अशीच सांगू लागल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर होतं. धक्का जाणवला की त्या दिवसाच्या चौकटीत पेनाने एक उभी रेघ मारायची, हा त्यांचा नेम. सुरुवात जानेवारी २०२० ची. गावाजवळच्या थोरब्यॉर्न टेकडीपाशी जमीन फुगायला लागल्याचं मोजमापांत पहिल्यांदा दिसलं, तो महिना. जुनी कॅलेंडरं त्यांनी काढली नव्हती. चार वर्षांची चारही एकाच खिळ्यावर एकामागे एक लटकत होती.

माझं कामही तेच, फक्त साधनं वेगळी. खडकात घट्ट रोवलेल्या पोलादी खुंटीवर जीपीएसचा अँटेना असतो. तो उपग्रहांकडून सतत संदेश घेतो आणि त्यावरून त्या खुंटीची जागा काढता येते. फोनमधला जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे झाला तरी चालतं. आमच्याकडे दिवसभराची माहिती एकत्र केली की आडवी हालचाल एखाद-दोन मिलिमीटरपर्यंत कळते. उभी हालचाल तेवढी नेमकी नसते, आणि आम्हाला नेमकी तीच हवी असते. अँटेनावर बर्फ साचलं की जमीन हलल्याचा भास होतो, त्यामुळे कुणीतरी जाऊन ते झाडावं लागतं. २०२३ च्या हिवाळ्याआधी स्टेशनांची देखभाल माझ्याकडे होती, म्हणून मुक्काम ग्रिंडाविकला. सुमारे ३,८०० वस्तीचं गाव, मासळीचं बंदर, आणि उत्तरेला काही किलोमीटरवर स्वार्त्सेंगीचं भूऔष्णिक केंद्र. त्या भागातल्या घरांचं गरम पाणी तिथून येतं.

रेक्यानेस द्वीपकल्प साधारण आठशे वर्षं शांत होता. तेराव्या शतकात, १२४० च्या सुमाराला शेवटचे उद्रेक झाले आणि मग काहीच नाही. २०२१ मध्ये शेजारच्या फाग्रादाल्सफ्याट्लला लाव्हा आला, सहा महिने वाहिला. २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा आला. पण ते सगळं माणसांपासून दूरच्या दऱ्यांमध्ये. लोक डबे घेऊन बघायला जायचे. गावातल्या लोकांना त्यामुळे थोडी सवय झाली होती, आणि आम्हालाही झाली होती, हे कबूल करायला हवं.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भूकंपमालिका सुरू झाली. २७ तारखेपासून जमीन वर येऊ लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थोरब्यॉर्नच्या परिसरात सात सेंटिमीटर वर. उपग्रहाच्या रडारने घेतलेली दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की रंगांची वलयं दिसतात. एक पूर्ण रंगचक्र म्हणजे उपग्रहाच्या दिशेने साधारण २.८ सेंटिमीटर. स्वार्त्सेंगीभोवती ती वलयं झाडाच्या खोडासारखी एकात एक बसलेली होती. खाली चार-पाच किलोमीटरवर शिलारस साचत होता, भाकरीच्या पापुद्र्याखाली वाफ धरावी तसा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती उलटी पोचते. जमीन फुगतेय म्हटलं की घाबरायचं, असं लोकांना वाटतं. फुगणं म्हणजे माल येतोय आणि एका जागी साठतोय. ते महिनोन्‌महिने चालू शकतं, थांबूही शकतं. २०२० मध्ये थांबलं होतं. आम्ही धास्तावतो ते फुगलेली जमीन अचानक खाली बसायला लागली की. शिलारस नाहीसा होत नाही. एका ठिकाणची जमीन बसली याचा अर्थ तो तिथून निघाला आहे, आणि मग एकच प्रश्न उरतो, कुठे गेला?

९ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर ४.८ चा धक्का बसला. जवळच्या ब्लू लगून या गरम पाण्याच्या प्रसिद्ध तलावावरचे पाहुणे रात्रीच निघाले आणि सकाळी तो बंद झाला. आजींच्या चौकटीत त्या दिवशी रेघांच्या तीन ओळी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी सकाळी दोन स्टेशनं तपासून आले. एकाची बॅटरी बदलली. जेवून लॅपटॉप उघडला आणि तीनच्या सुमारास घर हलायला लागलं ते थांबेचना. एरवी धक्का येतो, जातो, आपण मनात आकडा लावतो, पुढच्या कामाला लागतो. त्या दुपारी दोन धक्क्यांमध्ये जागाच राहिली नाही. उभ्या एसटीचं इंजिन चालू असलं की काचा जशा थडथडतात तशा खिडक्या थडथडत होत्या, आणि अधूनमधून कुणी खालून जोरात लाथ मारल्यासारखं व्हायचं. कपाटातल्या बश्या सरकत सरकत कडेला आल्या. मी त्या काढून जमिनीवर रचल्या.

नकाशावर भूकंपांचे ठिपके सुंधनूकुरच्या विवरांच्या रांगेवर पडत होते. ही रांग गावाच्या ईशान्येला आहे, तिथला शेवटचा उद्रेक दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. संगणक आपोआप जागा काढतो तेव्हा एवढ्या गर्दीत चुकतो. एका धक्क्याची लाट दुसऱ्याच्या नावावर जाते. आइसलँडमध्ये भूकंपांवर नजर हवामान खातंच ठेवतं. तिथे माणसं बसून एकेक धक्का हाताने तपासत होती. तपासलेले ठिपके यायला लागले तेव्हा त्यांची एक रेघ दिसू लागली. आणि ती रेघ दक्षिणेकडे सरकत होती.

एमएस्सीला असताना आम्ही नंदुरबार-धुळ्याकडे फील्डला गेलो होतो. तिथे शेतांमधून काळ्या दगडाच्या भिंती सरळ रेषेत मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात. कुणी बांधलेल्या नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारसाने जमीन फाडली, फटीत शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा खडक झिजला, भिंत उरली. तिला डाइक म्हणतात. मी एकीवर चढून तिची रुंदी पावलांनी मोजली होती आणि वहीत लिहिली होती. त्या संध्याकाळी माझ्या पायाखाली नवी डाइक तयार होत होती. ती किती रुंद होणार, कुठवर जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिचं टोक आमच्या दिशेने येतंय एवढंच दिसत होतं.

सहाच्या पुढे मी स्वार्त्सेंगीच्या स्टेशनचा आलेख उघडला. पंधरा दिवस चढत आलेली रेघ वळली होती. आधी वाटलं अँटेनाचा दोष असेल. शेजारचं स्टेशन बघितलं, त्याच्या पलीकडचं बघितलं. सगळी खाली. मिलिमीटरमध्ये नाही. तासागणिक सेंटिमीटरमध्ये. मी रेक्याविकला सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांच्यासमोर तेच आलेख होते आणि ते आधीच नागरी संरक्षणाच्या लोकांबरोबर बैठकीत बसले होते.

आमच्याकडे एक शिस्त आहे आणि ती योग्य आहे: धोक्याची सूचना एकाच तोंडून जायला हवी. हवामान खातं आणि नागरी संरक्षण सांगेल ते खरं. प्रत्येक संशोधक आपापल्या गल्लीत आपापलं भाकीत सांगत सुटला तर लोक कुणाचंच ऐकणार नाहीत. हे मला पटतं. तरी सात वाजता आजी जिना उतरून खाली आल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि विचारलं, “तुझ्या मशीनमध्ये काय दिसतंय?”

मी लगेच काही बोलले नाही. मग म्हटलं, “खाली चाललंय.”

गेल्या दोन महिन्यांत चहा पिताना मी त्यांना वर आणि खाली यांचा अर्थ कितीदा तरी समजावला होता. त्यांनी मान हलवली. “किती?” “बरंच.” त्या वर गेल्या. थोड्या वेळाने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

मी शिस्त मोडली की नाही, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यांनी विचारलेलं खोटं सांगायचं नव्हतं, आणि अधिकृत निर्णयाच्या आधी “निघा” म्हणायचं नव्हतं. त्या दोन्हींच्या मध्ये जेवढं खरं होतं तेवढं मी सांगितलं. आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन.

गावात पुष्कळ जण वाट न बघता निघाले होते. मुलांना झोप येणं शक्य नव्हतं, काहींच्या घरातली भांडी फुटली होती. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या गाड्या आठपर्यंत गेल्या. ग्रिंडाविककडून उत्तरेला जाणाऱ्या मुख्य रस्त्याला तडे गेले आणि तो बंद झाला. म्हणजे नकाशावरची रेघ रस्त्यावर येऊन पोचली होती. राहिले दोन रस्ते, एक पश्चिमेला किनाऱ्याने आणि एक पूर्वेला.

अकराच्या सुमारास आदेश आला. आणीबाणीचा टप्पा, सगळं गाव रिकामं करायचं. शिलारस गावाखाली पोचला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं कारण दिलं होतं. सूचनांमध्ये एक गोष्ट ठळकपणे सांगितली होती: या क्षणी जिवाला धोका नाही, वेळ आहे, घर नीट बंद करा, शेजाऱ्यांकडे बघा, सावकाश गाडी चालवा. मला त्या शब्दांचं फार मोल वाटतं. लाव्हा दिसत नसताना गाव सोडायला सांगणं अवघड, आणि ते धावपळ होऊ न देता सांगणं त्याहून अवघड.

आजींनी हीटर बंद केले, फ्रिज तपासला, दारावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला, घरात कोणी नाही. मग शेजारच्या घराची बेल वाजवली. तिथे पोलंडहून मासळीच्या कामाला आलेलं तरुण जोडपं होतं, त्यांना आइसलँडिक धड येत नव्हतं. त्यांना मेसेज आला होता, पण तो खरा की सरावाचा हे कळत नव्हतं. आजींनी नुसता हात लांब करून पूर्वेचा रस्ता दाखवला. ते दहा मिनिटांत आमच्या मागे गाडी घेऊन उभे होते. कोपऱ्यावर बचाव पथकाचे स्वयंसेवक होते. आइसलँडमध्ये ही पथकं पूर्ण स्वयंसेवकांची असतात, कुणी सुतार, कुणी शिक्षिका. ते घरोघर जाऊन बघत होते.

रांग हळूहळू सरकत होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. गाडीत बसूनही धक्के कळत होते. स्टिअरिंगमधून हातात यायचे. आजी म्हणाल्या, “वेस्टमान बेटांवर लोकांना असा वेळ नव्हता मिळाला.” १९७३ च्या जानेवारीत त्यांतल्या हेमाएय बेटावर गावाच्या कडेलाच रात्री दोनच्या सुमारास जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरात होत्या, म्हणून पाच हजारांवर लोक एका रात्रीत समुद्रमार्गे निघू शकले. तिथे आधी भेग पडली आणि मग माणसं निघाली. आमच्याकडे माणसं आधी निघाली होती आणि भेग कुठे, कधी, पडेल की नाही, काहीच ठरलेलं नव्हतं. मी आरशात सारखी मागे बघत होते. गावाचे दिवे चालू होते.

थोरलाउक्सहॉप्नच्या पुढे एका पंपावर थांबलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. जमीन हलत नव्हती, तरी मला हलल्यासारखी वाटत होती. बोटीवरून उतरल्यावर होतं तसं. आजी खिशात काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, “कॅलेंडर राहिलं.”

पुढच्या दोन दिवसांत आकडे जुळत गेले. डाइक सुमारे १५ किलोमीटर लांब निघाली, उत्तरेला डोंगरांपासून गावाखालून थेट समुद्राच्या तळाखाली. सगळ्यात रुंद ठिकाणी सुमारे आठ मीटर. भर जोरात असताना सेकंदाला ७,४०० घनमीटर वेगाने शिलारस त्या फटीत शिरत होता, हे नंतरच्या अभ्यासात निघालं. २०२१ चा उद्रेक लोक डबे घेऊन बघत होते तेव्हा सरासरी सेकंदाला दहा घनमीटरच्या आसपास लाव्हा बाहेर येत होता. आम्ही कॉफीच्या बश्या जमिनीवर रचत होतो तेव्हा खाली काय चाललं होतं, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. गावाच्या पश्चिम भागात जमिनीचा एक पट्टा एक मीटरहून जास्त खचला. घरांच्या मधून, क्रीडागृहाच्या शेजारून, रस्त्यांना कापत भेगा गेल्या. काहींमधून वाफ येत होती.

सोमवारी घरटी एका माणसाला थोडी मिनिटं आत जायची परवानगी मिळाली, सोबत बचाव पथकाचा माणूस. आजी गेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या, घराचे कागद, हिवाळ्याचे कपडे आणि शेजाऱ्यांची मांजर घेऊन आल्या. मांजर यादीत नव्हती, ती खिडकीत बसलेली दिसली म्हणून उचलली. कॅलेंडराचं विचारायचं मला धाडस झालं नाही.

मग वाट बघण्याचे आठवडे. माझ्या मते हाच सगळ्यात कठीण भाग होता. पहिल्या चार दिवसांत सगळ्या जगाचे कॅमेरे आले, काही घडत नाही म्हणून गेले. गावकरी मात्र नातेवाइकांच्या सोफ्यावर होते. “उगाच बाहेर काढलं” असं कुणी कुणी बोलू लागलं, आणि त्यांचा राग मला समजत होता. स्वार्त्सेंगीची जमीन डाइक संपताच पुन्हा वर यायला लागली होती, आणि आधीपेक्षा वेगाने. केंद्राभोवती मातीचे बांध घालायचं काम दिवसरात्र चालू झालं.

१८ डिसेंबरला रात्री नऊच्या सुमारास धक्के वाढले. १० वाजून १७ मिनिटांनी सुंधनूकुरवर जमीन फाटली आणि भेग वाढत सुमारे चार किलोमीटर लांब झाली. रेक्याविकमध्ये माझ्या खिडकीतून आकाश लाल दिसत होतं. गाव सोडल्याला ३८ दिवस झाले होते. पहिल्या खुणेपासून लाव्हापर्यंत दीड तासही मिळाला नव्हता. पुढे फेब्रुवारीत तर अर्ध्या तासाच्या आसपास मिळाला. गाव भरलेलं असतं तर? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

नाताळाच्या तोंडावर काही लोकांना परत राहायची मुभा मिळाली होती. १० जानेवारीला गावातली भेग बुजवताना एक कामगार तिच्यात पडला, सापडला नाही. मी त्याला ओळखत नव्हते. तरीही त्या भेगेचं मोजमाप माझ्या तक्त्यात होतं, आणि अजून तो तक्ता उघडला की मी त्या ओळीवर थांबते. चार दिवसांनी, १४ जानेवारीच्या पहाटे, राहिलेल्यांना पुन्हा झोपेतून उठवून बाहेर काढलं. सकाळी आठच्या आधी लाव्हा आला. बांधाने बराचसा अडवला, वळवला. पण दुपारी दुसरी भेग बांधाच्या आत, घरांच्या कडेला उघडली. तीन घरं जळाली. सगळा देश टीव्हीवर ते बघत होता. आजींचं घर त्यांत नव्हतं. आजी म्हणाल्या, “ते लोक मला माहीत आहेत,” आणि टीव्ही बंद केला.

नंतर सरकारने गावातली घरं विकत घ्यायची कंपनी काढली. आजींनीही घर दिलं. सामान काढायला गेलो त्या दिवशी खिळ्यावर चारही कॅलेंडरं तशीच होती. मी त्यांच्या परवानगीने सगळ्या पानांचे फोटो काढले आणि हिवाळाभर संध्याकाळी बसून त्या रेघा हवामान खात्याच्या भूकंपयादीशी जुळवल्या. आकड्यात त्या अर्थातच कमी होत्या, पण वाढ कधी आणि उतार कधी हे जवळजवळ बरोबर होतं. काही दिवस मात्र यादीत धक्के आणि आजींकडे एकही रेघ नाही. तारखा काढून बघितल्या, ते सगळे वादळाचे दिवस. वाऱ्याने घरच हलत असलं की धक्का कळत नाही. आमच्या भूकंपमापकांचंही तेच होतं. वादळात लहान धक्के निसटतात, आणि हवामान खातं तसं सांगतंही.

१० नोव्हेंबरच्या चौकटीत दुपारपर्यंतच्या रेघा वेगवेगळ्या मोजता येतात. पुढे पेन उचललेलंच नाही. एकच गिरगट चौकटीच्या तळापर्यंत, आणि तिथून खाली पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या शुक्रवारात उतरलेली.

जुलै २०२५ पर्यंत त्या रांगेवर नऊ उद्रेक झाले. दर वेळी क्रम तोच: स्वार्त्सेंगी फुगतं, मग काही तासांत, कधी मिनिटांत बसतं. आजी आता कोपावोगुरला मुलीजवळ राहतात. तिथे धक्के क्वचितच जाणवतात, तरी खिळा ठोकून घेतलाय. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. आधी हवापाण्याचं बोलणं, गुडघ्याचं बोलणं. मग त्या विचारतात, “वर की खाली?”

मी आलेख उघडते, ताजा ठिपका बघते. “वर,” मी सांगते. “या आठवड्यात थोडंसं.”